धूर निघाला आणि घंटा वाजलीच नाही: स्मोक डिटेक्टरची तार नीट जोडणं म्हणजे काय?

(पोखर्णी, जि. परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



पोखर्णी म्हटलं की आधी नृसिंहाचं नाव घ्यायचं, मग पुढचं बोलायचं. प्रल्हादानं हाक मारली आणि देव खांबातून बाहेर आला, ही कथा इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते हाक मारणाऱ्या एका यंत्राबद्दल. छताला चिकटवलेली ती पांढरी वाटी तुम्ही दवाखान्यात, बँकेत, मोठ्या दुकानात पाहिली असेल. तिला स्मोक डिटेक्टर म्हणतात. धूर आला की तिनं हाक मारायची. पण हाक मधेच अडकली, तर धावून येणार कोण? आजचा सगळा विषय एवढाच आहे.

आम्ही फायर अलार्म बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. लोक विचारतात, कोणत्या कंपनीचा डिटेक्टर चांगला? आम्ही म्हणतो, कंपनीचं नंतर बघू. आधी सांगा, तार कशी टाकली आहे? कारण बंद पडलेली यंत्रणा आणि ठणठणीत यंत्रणा, दोन्ही वरून सारख्याच दिसतात. दोन्ही गप्प असतात. त्यातली कोणती गप्प आहे आणि कोणती मेली आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

आधी भंडाऱ्याचं बोलू

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात बाळांचा विशेष कक्ष, म्हणजे कमी वजनाची, आजारी बाळं ठेवतात तो. रात्री दीड-दोनच्या सुमारास तिथं आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचवता आली, १० गेली. त्यातली बरीच धुरानं गुदमरून गेली. ड्यूटीवरच्या नर्सनं दार उघडलं तेव्हा आत धूरच धूर दिसला, मग धावाधाव सुरू झाली. म्हणजे आग लागल्याची बातमी दार उघडल्यावर कळली. दार उघडण्याआधी आत धूर साचत होता तेव्हा हाक मारणारं तिथं काही नव्हतं. बाळ काही ओरडून सांगू शकत नाही.

आगीत माणूस जळून मरतो असं आपण समजतो. बऱ्याच वेळा ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस खोकून उठेलच असं नाही, तो आणखी गाढ झोपेत जातो. म्हणून जिथं माणसं झोपतात, म्हणजे दवाखाना, वसतिगृह, भक्तनिवास, लॉज, तिथं डिटेक्टरचं महत्त्व सगळ्यात जास्त.

यंत्राला धूर कळतो कसा?

हे थोडक्यात सांगतो. आज आपल्याकडे बसतात ते बहुतेक डिटेक्टर प्रकाशावर चालतात. वाटीच्या आत एक छोटी काळी कोठडी असते. एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. पण दिवा डोळ्याकडे सरळ बघत नाही, तिरका बसवलेला असतो. कोठडी स्वच्छ असली की डोळ्याला अंधार दिसतो. धुराचे कण आत आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि थोडा डोळ्यात पडतो. सकाळी घराच्या कौलातून उन्हाची तिरीप आत येते, तेव्हा एरवी न दिसणारी धूळ चमकते की नाही? तोच प्रकार.

दुसरा जुना प्रकार आयनीकरणाचा. त्यात अमेरिसियम-२४१ नावाचा किरणोत्सारी पदार्थ अगदी अल्प प्रमाणात असतो. तो हवेतून बारीक वीजप्रवाह वाहता ठेवतो. धूर आला की प्रवाह कमी होतो. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर नावाचे संशोधक विषारी वायू ओळखणारं यंत्र करत होते. ते वायूला दाद देईना, पण त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला, असं सांगतात. असा जुना डिटेक्टर सापडला तर फोडू नका आणि कचऱ्यातही टाकू नका.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरला धूर आणि धूळ यातला फरक फारसा कळत नाही. वाफही कळत नाही. म्हणून स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर लावायचा नाही, तिथं हीट डिटेक्टर लावायचा. तो उष्णतेवर चालतो. जिनिंगमध्ये कापसाची तूस उडते, तिथंही साधा स्मोक डिटेक्टर रोज खोटं ओरडेल. आणि रोज खोटं ओरडणारी घंटा म्हणजे काय, हे लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरानं सांगितलंच आहे. चौथ्या दिवशी कुणीतरी तिचा आवाज बंद करतं.

छतावर जागा कुठली?

धूर वर जातो आणि छताखाली पसरतो. म्हणून डिटेक्टर छतावर. पण छतावर कुठंही चालत नाही. आपल्याकडे यासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. २१८९. सपाट छताखाली खोलीतल्या कोणत्याही जागेपासून जवळचा स्मोक डिटेक्टर साडेसात मीटरच्या आत हवा. हीट डिटेक्टर असेल तर ५.३ मीटरच्या आत.

लोक इथं चुकतात. समजा धर्मशाळेचा हॉल २० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. मधोमध एक डिटेक्टर लावला आणि झालं, असं वाटतं. मोजून बघा. मधून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ ११ मीटर भरतात. कोपऱ्यात गादी पेटली तर धूर मधे पोचेपर्यंत उशीर होणार. त्याऐवजी मधल्या रेषेवर दोन डिटेक्टर घ्या, प्रत्येक आपल्या बाजूच्या भिंतीपासून ५ मीटरवर. आता सगळ्यात लांबचा कोपरा पावणेसात मीटरच्या आसपास येतो. काम झालं. कागदावर चौकोन काढायचा आणि टेप घेऊन मोजायचं, यात शिक्षणाचा काही संबंध नाही.

आणखी काही नियम. भिंतीपासून निदान अर्धा मीटर दूर, कारण भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडून राहते. पंख्याच्या अगदी जवळ नको, एसीच्या झोतात तर मुळीच नको. झोत धूर बाजूला ढकलतो. खोलीत खोल तुळई असेल, म्हणजे छताच्या उंचीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त खाली आलेली, तर तुळईच्या दोन बाजू दोन खोल्या समजायच्या. आणि प्रत्येक बंद खोलीला स्वतःचा डिटेक्टर हवा. बाहेरच्या पॅसेजमध्ये एक आहे की, असं म्हणून चालत नाही. बंद दाराआडचा धूर पॅसेजमध्ये येईपर्यंत आतल्या माणसाचं काय व्हायचं ते होऊन जातं.

पत्र्याच्या छताचं वेगळं आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानानं म्हणतो, पण उन्हाळ्यात परभणीचा पत्रा काय तापतो ते आपल्याला माहीत आहे. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर बसतो. सुरुवातीचा धूर थोडासाच आणि कोमट असतो. तो वर जातो आणि त्या थराखालीच अडकतो, डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. म्हणून पत्र्याला घट्ट चिकटवून डिटेक्टर लावू नका, थोडा खाली सोडा. पण फार नाही, ६० सेंटिमीटरच्या आत. उतरतं छत असेल तर आढ्याखालची रांग चुकवू नका, धूर शेवटी तिथंच गोळा होतो.

आता मुख्य गोष्ट: तार

इथं नीट लक्ष द्या. साध्या पद्धतीत, जिला कन्व्हेन्शनल म्हणतात, एका भागातले सगळे डिटेक्टर एकाच दोन तारांच्या जोडीवर एकामागून एक असतात. त्या भागाला झोन म्हणायचं. एका झोनवर साधारण वीसपर्यंत डिटेक्टर. तारांची ही जोडी पॅनेलमधून निघते. पॅनेल म्हणजे भिंतीवरचा तो दिवे असलेला लाल डबा. तो तारांवर साधारण २४ व्होल्टचा डीसी दाब ठेवतो.

घरातल्या बल्बचं बटण कसं असतं? बंद आहे तोवर प्रवाह शून्य. दाबलं की प्रवाह सुरू. अलार्म असाच केला तर? सगळं ठीक असताना प्रवाह शून्य. आणि उंदरानं तार कुरतडली, गवंड्यानं भिंत फोडताना तोडली, तरी प्रवाह शून्यच. पॅनेलला दोन्ही सारखंच दिसणार. सगळं ठीक आहे म्हणून ते हिरवा दिवा दाखवत राहणार. मेलेली यंत्रणा आणि जिवंत यंत्रणा सारखी दिसते म्हणालो, ती अशी.

यावर उपाय काय काढला, ते शेतकऱ्याला लगेच समजेल. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या परभणी जिल्ह्यात येतो. पाटकऱ्यानं पाणी सोडलं. पाट मधे कुठं फुटला का, कुणी आडवला का, हे त्याला कळणार कसं? पहिल्या शेतकऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याला पाणी मिळतंच. विचारायचं टेलच्या शेतकऱ्याला. त्यानं फोन करून सांगितलं की बारीक धार आली बुवा, म्हणजे सगळा पाट धड आहे.

डिटेक्टरच्या तारेवर हा टेलचा शेतकरी म्हणजे शेवटच्या डिटेक्टरपाशी दोन तारांमध्ये जोडलेला एक छोटा रेझिस्टर. कामावरची पोरं त्याला ‘ई.ओ.एल.’ म्हणतात, अर्थ तोच, लाइनचं शेवटचं टोक. त्याची किंमत चहापेक्षा कमी असते. समजा तो ४.७ किलोओहमचा आहे. २४ व्होल्टला त्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो. ही ती बारीक धार. पॅनेल तिच्याकडे रात्रंदिवस बघत असतं.

आता तीन शक्यता. धार ५ मिलिअँपिअरच्या आसपास आहे: सगळं ठीक. धार एकदम बंद झाली: तार तुटली, पॅनेल पिवळा दिवा लावून ‘फॉल्ट’ म्हणतं आणि बारीक आवाज करतं. धार वाढून तीस-चाळीस मिलिअँपिअरच्या घरात गेली: कुठल्यातरी डिटेक्टरला धूर दिसला, त्यानं आपल्यातली वाट मोकळी केली, पॅनेल लाल होतं आणि घंटा वाजते. त्याहून प्रचंड वाढली तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या, शॉर्ट झालं. बहुतेक पॅनेल तेही वेगळं ओळखतात. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, तत्त्व तेच.

बघा, किती साधी युक्ती आहे. तारेला फक्त आगीच्या वेळी बोलायला लावलेलं नाही. ती कायम बोलत राहते, ‘मी आहे, मी आहे’. बोलणं थांबलं की पॅनेल तक्रार करतं.

आमच्या हातून झालेली चूक

ही युक्ती मोडायला एक छोटी आळशी जोडणी पुरते. दुसऱ्याचं सांगण्यापेक्षा आमचंच सांगतो.

मराठवाड्यातलंच एक वसतिगृह. काम आम्ही केलं होतं, नीट केलं होतं. वर्षभरानं त्यांनी मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्या. फोन आला, दोन डिटेक्टर वाढवा. आम्ही गेलो. लाइन तोडून नव्या खोल्यांतून फिरवून परत आणायची तर तार जास्त लागणार, दिवस जाणार. शाळा सुरू व्हायला चार दिवस राहिलेले. मग जवळच्या डिटेक्टरच्या बेसमधून एक फाटा काढला आणि दोन्ही खोल्यांत नेला. यालाच टी मारणं म्हणतात. दोन्ही डिटेक्टरना धूर दाखवला, घंटा वाजली. पॅनेल हिरवं. सही घेतली आणि घरी आलो.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा त्या दोन खोल्यांत धूर दाखवला, काहीच झालं नाही. पॅनेल हिरवंच. शोधलं तर नळाच्या पाइपसाठी भिंत फोडताना आमचा फाटा तुटला होता. कधी तुटला? ते आजही सांगता येत नाही. त्या खोल्यांत आठ मुलं झोपत होती. आग लागली नाही, हे नशीब. आमचं काम त्यात काही नव्हतं.

पाटाच्या भाषेत बघा. टेलचा शेतकरी मुख्य पाटावर बसला आहे. आपण मधूनच एक चारी काढली. चारी फुटली तरी मुख्य पाटाला धार येतेच, तो म्हणतो सगळं ठीक. चारीवर राहतो त्याला विचारतो कोण? त्या दिवसापासून आमच्यात नियम आहे: कन्व्हेन्शनल लाइनवर फाटा नाही. तार एका डिटेक्टरमध्ये जाणार, तिथून निघून पुढच्यात जाणार, आणि शेवटी रेझिस्टर. तार दुप्पट लागली तरी चालेल.

बेसमधल्या बारीक गोष्टी

डिटेक्टरचे दोन भाग असतात. छताला स्क्रूनं बसतो तो बेस, आणि फिरवून लावतो ते डोकं. बेसमध्ये येणाऱ्या तारेचा स्क्रू वेगळा आणि जाणाऱ्या तारेचा वेगळा. येणारी आणि जाणारी यांना मधून जोडतं ते डोकं. म्हणजे कुणी डोकं काढून नेलं तर लाइन तिथंच तुटते आणि पॅनेल फॉल्ट म्हणतं. फार शहाणपणाची रचना आहे.

पण काही जण काय करतात? तार कापतच नाहीत. मधे थोडं प्लास्टिक सोलतात, उघड्या तारेचा फास स्क्रूखाली अडकवतात आणि तशीच पुढं नेतात. काम लवकर होतं. मग ती तार स्क्रूखालून निसटली तर? लाइन तर अखंडच आहे, धार शेवटपर्यंत जाते, पॅनेल हिरवं, आणि तो डिटेक्टर मात्र लाइनवर नाहीच. म्हणून तार कापा. येणारं टोक एका स्क्रूखाली, जाणारं दुसऱ्याखाली.

तिसरी लबाडी सगळ्यात वाईट. लाइन कुठंतरी तुटली आहे, फॉल्ट जात नाही, साहेब ओरडतात. मग रेझिस्टर शेवटच्या टोकावरून काढून पॅनेलमध्येच जोडतात. फॉल्ट गेला! जाणारच. टेलच्या शेतकऱ्याला उचलून आणून पाटकऱ्याच्या ऑफिसात बसवलं. तिथं बसून तो रोज सांगणार, पाणी आलं बरं का. बाहेर सगळा पाट कोरडा असला तरी.

बाकीचं पटकन. तार तांब्याची, साधारण दीड चौरस मिलिमीटरची, आग लवकर न पकडणारी. ती लाइटच्या २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. प्लस-मायनस सांभाळा, लाल आणि काळा रंग शेवटपर्यंत तोच ठेवा. जोड शक्यतो बेसमध्येच, भिंतीच्या आत चिकटपट्टी गुंडाळलेला जोड नको. आणि पॅनेलला वीज देण्याचं २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमननंच करावं.

घंटा आणि बॅटरी

डिटेक्टरला कळलं, पॅनेलला कळलं, पण झोपलेल्याला कळलं का? झोपायच्या खोलीत उशाशी निदान ७५ डेसिबल आवाज पोचला पाहिजे. जिन्यात एक हूटर लावला आणि दारं बंद असली तर तेवढा पोचत नाही. मोजून बघावं लागतं.

हूटरची तार तुटली तर कसं कळणार? तिथंही तीच युक्ती, जरा फिरवून. हूटरच्या तारेच्या शेवटीही रेझिस्टर असतो. एरवी पॅनेल त्या तारेवर उलट्या दिशेनं बारीक प्रवाह सोडतं. हूटरमध्ये एकाच दिशेनं वाट देणारा डायोड असतो, त्यामुळे तो गप्प राहतो, पण तार तपासली जाते. आग लागली की पॅनेल दिशा पालटतं आणि हूटर वाजतो. म्हणून हूटरची प्लस-मायनस उलटी जोडली तर तो एरवीच कुरकुरतो आणि वेळेला गप्प बसतो.

बॅटरीचं गणित कुणालाही येईल. पॅनेलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट करतात. समजा एरवी सगळी यंत्रणा ०.१५ अँपिअर खाते. लाइट २४ तास गेली तर ०.१५ गुणिले २४, म्हणजे ३.६ अँपिअर-तास. त्यानंतर अर्धा तास घंटा वाजायला १ अँपिअरनं अर्धा, म्हणजे ०.५. बेरीज ४.१. बॅटरी जुनी होते म्हणून चौथाई वाढवा, ५.१ च्या आसपास. ७ अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. पण कागदावरची ७ चार वर्षांनी ७ राहत नाही. लाइट जाते आणि आपल्याकडे कधी दोन-दोन दिवस येत नाही, हेही गणितात धरा.

मोठ्या इमारतीत हजेरी पद्धत

मोठ्या दवाखान्यात दुसरी पद्धत असते, ॲड्रेसेबल. तिथं प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. पॅनेल वर्गातल्या मास्तरासारखं हजेरी घेतं. एक? हजर. दोन? हजर. सतरा? उत्तर नाही, लगेच तक्रार. आग कुठल्या खोलीत तेही नावानिशी कळतं. तार पॅनेलमधून निघून सगळीकडे फिरून पुन्हा पॅनेलमध्ये येते, त्यामुळे एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूनं बोलणं चालू राहतं. महाग आहे, पण जिथं खाटा जास्त आणि माणसं उठू न शकणारी, तिथं हीच घ्यावी.

तुम्ही स्वतः काय तपासाल?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ आहे. कायद्याच्या कक्षेतल्या इमारतीत यंत्रणा परवानाधारक एजन्सीनं बसवायची. ती चालू स्थितीत आहे असा ‘फॉर्म बी’चा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. कागद महत्त्वाचा आहेच. पण कागद हिरव्या दिव्यासारखा असतो, आत काय आहे ते बघावं लागतं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. शाळेच्या समितीत असा, देवस्थानच्या विश्वस्तांत असा, किंवा ग्रामपंचायतीत, काम घेताना आणि दर तपासणीला समोर उभं राहून एवढं करून घ्या:

१. लाइनवरच्या कुठल्याही डिटेक्टरचं डोकं फिरवून काढायला सांगा. मिनिटाभरात पॅनेलवर फॉल्ट आला पाहिजे. एकेक करत प्रत्येकाचं काढून बघा. एखादं काढल्यावर पॅनेल हिरवंच राहिलं, तर तिथं फाटा किंवा फास आहे.

२. ‘शेवटचा रेझिस्टर कुठं आहे, दाखवा’ म्हणा. तो शेवटच्या खोलीत दिसला पाहिजे. पॅनेलच्या डब्यात दिसला तर बिल थांबवा.

३. प्रत्येक डिटेक्टरला तपासणीचा धूर द्या. काडी किंवा लायटर लावू नका, प्लास्टिक वितळतं. रंगकामाच्या वेळी लावलेलं प्लास्टिकचं टोपण अजून तसंच आहे का, तेही बघा. ते आम्हाला कितीतरी ठिकाणी सापडतं.

४. पॅनेलची मेन लाइन बंद करा आणि बॅटरीवर घंटा वाजवून बघा. सगळ्यात लांबच्या खोलीचं दार लावून एकाला आत उभं करा, त्याला ऐकू आली का विचारा.

५. पॅनेल कुठं आहे? रात्री जिथं माणूस जागा असतो तिथं हवं. कुलूपबंद ऑफिसातलं पॅनेल ओरडून ओरडून थकेल.

या पाच गोष्टींना लहान इमारतीत एक सकाळ पुरते.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक ज्येष्ठ श्रोते: साहेब, देवळाच्या सभामंडपात लावावं का? नृसिंह जयंतीला तर होम, धूप, कापूर सगळंच असतं.*

काका, सभामंडपात साधा स्मोक डिटेक्टर लावला तर आरतीलाच घंटा वाजेल, आणि पुढच्या आरतीला कुणीतरी तो काढून ठेवेल. उघड्या मंडपात माणसं जागी असतात, त्यांना धूर दिसतो. तिथं बाहेर पडायच्या मोकळ्या वाटा, वायरिंगची तपासणी आणि हातानं दाबायचं अलार्मचं बटण जास्त कामाचं. डिटेक्टर भक्तनिवासात लावा, जिथं यात्रेकरू दार लावून झोपतात. आणि महाप्रसादाच्या भटारखान्यात हीट डिटेक्टर.

*एक ताई: घरासाठी बाजारात बॅटरीवरचे सुटे डिटेक्टर मिळतात. त्याला तारच नाही, मग ते चालतात का?*

चालतात ताई, आणि घरासाठी चांगले आहेत. त्यातच डिटेक्टर, त्यातच बॅटरी, त्यातच भोंगा. पण त्याची बातमी त्याच खोलीपुरती. दहा खोल्यांच्या वसतिगृहात एका टोकाचा भोंगा दुसऱ्या टोकाला ऐकू जाणार नाही. घरात लावलात तर महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, आणि साधारण दहा वर्षांनी नवीन घ्या.

*एक तरुण श्रोता: कडब्याच्या गंजीला, गोठ्याला लावता येईल का?*

दादा, गंजी उघड्यावर असते, धूर वाऱ्यानं जातो. तिथं डिटेक्टरचा उपयोग नाही. गंजी वीजवाहक तारांखाली लावू नका, दोन गंजींत अंतर ठेवा, ते जास्त महत्त्वाचं. गोठ्यात धूळ, कोळिष्टकं आणि जनावरांसाठी केलेला धूर, त्यामुळे तिथंही साधा स्मोक डिटेक्टर टिकत नाही.

*तोच श्रोता: मी आय.टी.आय. करतोय. हे काम शिकायचं तर आधी काय शिकू?*

मल्टिमीटर धरायला शिका. पॅनेल बंद असताना आणि लाइन पॅनेलमधून सुटी करून, तिच्या दोन तारांत रेझिस्टन्स मोजा. शेवटच्या रेझिस्टरच्या आकड्याच्या जवळ आला तर तार टोकापर्यंत धड आहे. तेवढ्या एका आकड्यावर आम्ही अर्धं काम ओळखतो. आणि फाटा मारायची घाई झाली की त्या खोलीत कोण झोपणार आहे, हे एकदा विचारा. आम्ही त्या दिवशी विचारलं नव्हतं.

जाताना या इमारतीतलाच एक डिटेक्टर काढून बघू, पॅनेल काय म्हणतं ते तुमच्यासमोरच कळेल.